शेवटचा एक

भाचीच्या गणिताच्या वहीत एक तक्ता होता. १ चा वर्ग १, ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, आणि असं करत करत खाली नऊ एकांपर्यंत. वरच्या काही ओळी तिने हाताने सोडवल्या होत्या, पेन्सिलीने, खोडरबराचे धूसर डाग ठेवून. शेवटच्या ओळीला मात्र ती कंटाळली. ऑफिसचं काम आटोपून मी लॅपटॉप तसाच उघडा ठेवला होता. त्यातल्या स्प्रेडशीटच्या एका रिकाम्या चौकोनात तिने १११११११११ टाकलं आणि वर्ग काढायला सांगितला. आधी आलं १.२३४५७ई+१६. ते तिला काही कळेना. मग तिने रकाना रुंद केला, आकडे पूर्ण दाखवण्याची सोय शोधून काढली, आणि पडद्यावर आलं १२३४५६७८९८७६५४३००. तिने ते जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं. वरच्या सगळ्या ओळी एकापासून चढून पुन्हा एकावर उतरत होत्या. शेवटची तेवढी तिनापर्यंत उतरून थांबली होती आणि पुढे दोन शून्यं.

“मावशी, संख्या फार मोठी झाली की तिचा शेवट बदलतो का गं?” तिने विचारलं.

तिचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. नमुना मोडलाय हे तिला दिसलं होतं, म्हणजे नजर पक्की होती. पण नमुना मोडलेला दिसल्यावर तिने मशीनवर शंका घेतली नाही, नमुन्यावर घेतली. मोठ्या संख्यांच्या प्रदेशात काहीतरी वेगळे नियम असतील, तिथे असं होत असेल, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. मीही दिवसभर याच चौकोनांमध्ये काम करते. रुपये-पैशांच्या ओळी, बेरजा, टक्के. त्या बेरजांवर सही होते, पगार होतात, कर भरले जातात. पडद्यावर आलेल्या आकड्याकडे ‘हे असं का?’ म्हणून बघायची सवय आपल्यालाच कितीशी उरली आहे, हे मला त्या संध्याकाळी सारखं टोचत राहिलं. कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, वरणाचा वास घरभर पसरला होता, आणि मी त्या दोन शून्यांकडे बघत बसले होते. कारण बाकी सोळा अंकांचं काहीही असो, एकं स्थानाचा अंक ठरायला फक्त शेवटचे दोन अंक लागतात. इथे ते दोन्ही एक.

एक गुणिले एक शून्य होत नाही.

मशीनने असं का केलं, ते सांगते. स्प्रेडशीट एका संख्येचे पंधराच अंक खात्रीने दाखवतं, त्यापुढे शून्यं भरतं. त्याच्या मुळाशी संगणकाची संख्या साठवण्याची रीत आहे. नेहमीच्या पद्धतीत एका संख्येसाठी ५३ द्विमान अंकांइतकी, म्हणजे फक्त ० आणि १ यांनी लिहिलेल्या ५३ अंकांइतकी, अचूकता मिळते. दोनाचा ५३ वा घात म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२. इथपर्यंतची प्रत्येक पूर्ण संख्या संगणक नेमकी धरू शकतो. त्यापुढे, याच्या दुपटीपर्यंत, त्याला फक्त सम संख्या धरता येतात, विषम संख्यांना जागाच नाही. आपली संख्या ही हद्द ओलांडून पुढे गेलेली आणि शेवटी एक असल्यामुळे विषम. म्हणून दुसऱ्या एखाद्या साध्या प्रोग्रामला हाच गुणाकार सांगितला तर तो ...३२० असा शेवट देतो, जवळची सम संख्या. मोठ्या संख्यांसाठी वेगळी सोय असलेले प्रोग्राम आहेत, त्यांच्याकडून पूर्ण उत्तर येतं. पण घराघरांत आणि ऑफिसांत जे उघडं असतं, त्यातून बहुधा हे असंच.

मी तिला लॅपटॉप मिटायला सांगितला आणि चौकटींची वही काढायला लावली. नऊ एकांना नऊ एकांनी गुणायचं म्हणजे नऊ ओळी. प्रत्येक ओळीत तेच नऊ एक, फक्त दर वेळी एक घर डावीकडे सरकलेले. पाढा लागत नाही, कारण एकाने गुणायचं आहे. ती ओळी लिहीत गेली आणि कागदावर एकांच्या तिरक्या पायऱ्या तयार झाल्या. मग उभ्या रकान्यांची बेरीज. अगदी उजव्या रकान्यात एकच एक. त्याच्या डावीकडे दोन. मग तीन, चार. नवव्या रकान्यात नऊच्या नऊ ओळींचा एकेक एक येतो, म्हणून नऊ. तिथून पुढे वरच्या ओळी एकेक करून संपत जातात, म्हणून आठ, सात, सहा, आणि टोकाला पुन्हा एक. हातचा कुठेही नाही. बेरीज करताना तिला बोटसुद्धा मोजावं लागलं नाही. उत्तर आलं १२३४५६७८९८७६५४३२१. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, “हे तर मोजणं झालं, गुणाकार कुठे केला?” मला वाटतं, हे तिने फार नेमकं सांगितलं. या संख्येतला प्रत्येक अंक सांगतो की त्या रकान्यात किती एक उभे आहेत. सगळ्या अंकांची बेरीज ८१ येते, कारण कागदावर नऊ गुणिले नऊ एकच लिहिले होते, आणि हातचा नसल्याने त्यांतला एकही हरवला नाही.

जेवताना ती संख्या वाचायची कशी यावर चर्चा झाली. कोटीच्या पुढे आपल्या जिभेला सवय नाही. अब्ज-खर्व वर्तमानपत्रात कधीतरी. पण भास्कराचार्यांच्या लीलावतीत एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं दिली आहेत, आणि आपली संख्या सतरा अंकी, म्हणजे त्या यादीत बसून वर एक जागा शिल्लक. मग आम्ही ती मोठ्याने वाचली. एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधि, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दहं, एक एकं. वरणभात निवत होता आणि ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. जलधि तिला फार आवडला. आकार समजावा म्हणून मी तिला एक हिशेब करून दाखवला. सेकंदाला एक या वेगाने न थांबता मोजत गेलं तर इथवर पोचायला सुमारे ३९ कोटी वर्षं लागतील. आणि तरी ही संख्या कशी आहे, हे चौकटींच्या एका पानावर पूर्णपणे दिसतं.

आता मला ज्यांच्याबद्दल खरं लिहायचं होतं त्यांच्याकडे येते. मी रोज मध्य रेल्वेने जाते आणि डोंबिवली स्टेशन वाटेत लागतं. तिथल्या गर्दीबद्दल वाचकांना काय सांगायचं. पण गाडी तिथे थांबली की मला अलीकडे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर आठवतात. डहाणूला १९०५ साली जन्मलेले, ठाण्याच्या शाळेत शिकलेले, फर्ग्युसनमध्ये असताना १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळवलेले, आणि मग १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत देवळालीला शाळामास्तर. ६१७४ या संख्येमुळे (सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घेऊन तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत गेलं की शेवटी येते ती) त्यांचं नाव जगभर गेलं, ते बहुतेकांना ठाऊक असतं. पण त्यांच्या मनात संख्यांची एक वेगळीच जात आली ती जी. आय. पी. रेल्वेच्या, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या, एका स्टेशनावर, मुंबईपासून तीस मैलांवर. त्या स्टेशनाचं नाव त्यांनी डेम्लो असं दिलं आहे, आजची डोंबिवली, आणि त्या संख्यांनाही तेच नाव दिलं. संख्येचा डावा तुकडा आणि उजवा तुकडा यांची बेरीज केली की मधल्या तुकड्यातलाच अंक सगळीकडे दिसला पाहिजे. १६५ घ्या. एक आणि पाच मिळून सहा, मध्ये सहा. २५५३ घ्या. दोन आणि तीन पाच, मध्ये पाचच पाच. आणि या जातीतला एक खास घराणेदार भाग त्यांनी अद्भुत डेम्लो संख्या म्हणून वेगळा काढला. १, १२१, १२३२१, तीच माझ्या भाचीच्या वहीतली रांग.

आपल्या संख्येवर हे लावून बघा. डावीकडे १२३४५६७८, उजवीकडे ८७६५४३२१. बेरीज ९९९९९९९९. मध्ये उभा आहे तो नऊ.

कापरेकरांनी आणखी एका प्रकाराला हर्षद संख्या म्हटलं. आपल्या अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो ती. आपली संख्या तीही आहे. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने भागलं की बाकी न उरता १५२४१५७८९९७१०४१ येतात, जो पुन्हा एक पूर्ण वर्ग आहे, १२३४५६७९ चा. उलट ८१ ने गुणलं तर ९९९९९९९९९ चा वर्ग मिळतो, ९९९९९९९९८००००००००१. स्टेशनावर गाडीची वाट बघत कोणी माणूस हे सगळं डोक्यात फिरवत असेल, हे मला त्या फलाटावर उभं राहून कल्पनेने बघता येतं आणि मन भरून येतं. मास्तरांच्या कामाकडे त्या काळातल्या बऱ्याच गणितज्ञांनी गांभीर्याने पाहिलं नाही. गणितातल्या गमतींवर लिहिणारे अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली सायंटिफिक अमेरिकनमध्ये त्यांच्याबद्दल लिहिलं तेव्हा ते सत्तरीत होते.

गणितज्ञांचा आक्षेप अगदीच खोटा नव्हता, आणि मला तो टाळायचा नाही. ते म्हणत, हे सगळं दशमान पद्धतीचं नशीब आहे. आपण दहाच्या पटीत लिहितो म्हणून १२३४५६७८९८७६५४३२१ अशी दिसते. संगणकाच्या द्विमान लिपीत हीच संख्या लिहिली तर तिच्यात कोणाला काहीच सुरेख दिसणार नाही. संख्या तीच, रूप वेगळं. मग ज्याचं आपल्याला एवढं अप्रूप वाटतं ते संख्येचं की आपल्या दहा बोटांचं? या प्रश्नाने मी बरेच दिवस अस्वस्थ होते. कापरेकरांचा पक्ष घ्यावासा वाटत होता आणि युक्तिवाद सापडत नव्हता.

तो सापडला व्यापाराचा डाव खेळताना. दोन फासे टाकले की बेरीज दोन ते बारा यांपैकी काहीही येते. दोन येण्याची रीत एकच, एक-एक. तीन येण्याच्या दोन. चाराच्या तीन. सातावर सर्वांत जास्त, सहा रीती. मग आठाच्या पाच, नवाच्या चार, दहाच्या तीन, अकराच्या दोन, आणि बाराची पुन्हा एक. ओळीने लिहा, १, २, ३, ४, ५, ६, ५, ४, ३, २, १. सहा एकांचा वर्ग १२३४५६५४३२१ आहे, अंक न् अंक तेच. हे योगायोगाने होत नाही. फाशांच्या रीती मोजणं आणि गुणाकाराच्या पायऱ्यांमधले रकाने मोजणं ही एकच कृती आहे, एका बाजूचं एक घर आणि दुसऱ्या बाजूचं एक घर यांची जोडी लावणं. नऊ बाजूंचे दोन फासे असते तर त्यांच्या एक्याऐंशी शक्यता आपल्या सतरा अंकांत अशाच वाटल्या गेल्या असत्या. फाशांना दशमान पद्धत ठाऊक नसते. म्हणजे वर चढून खाली उतरणारं हे मोजमाप कोणत्याही लिपीच्या आधीचं आहे. दहाची पद्धत एवढंच करते की नऊपर्यंत ते उघड्या डोळ्यांना दिसू देते. सोळाच्या पद्धतीत लिहिणाऱ्याला पंधरा एकांपर्यंत दिसेल, द्विमानात ११ चा वर्गच १००१ होऊन बसतो. खिडकी लहान-मोठी आहे, पण पलीकडचं दृश्य खरं आहे. कापरेकर त्या खिडकीशी आयुष्यभर बसले, यात मला कमीपणा दिसत नाही.

आणि ते एकटेही नव्हते. वेरूळचं कैलास लेणं ज्या राष्ट्रकूटांच्या काळात खोदलं गेलं, त्यांच्यातल्या अमोघवर्षाच्या राज्यात, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी गणितसारसंग्रह लिहिला. त्यात ते १२३४५६५४३२१ या संख्येचं वर्णन एकापासून सहापर्यंत चढणारी आणि मग क्रमाने उतरणारी, असं करतात. राजाच्या गळ्यात शोभावा अशा कंठ्याचं नाव त्यांनी अशा संख्यांच्या गुणाकारांना दिलं. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणा, कंठा हातात येतो. अकराशे वर्षांपूर्वी कोणीतरी विद्यार्थी धुळीच्या पाटीवर हा गुणाकार करून हरखला असेल.

या संख्येचे मूळ अवयव मी एका रविवारी दुपारी काढले, पंखा घरघरत असताना, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर. मुळात नऊ एकांचेच काढायचे, मग वर्गात प्रत्येक अवयव दुप्पट वेळा. नऊ एक म्हणजे १११ गुणिले १००१००१, हे चटकन दिसतं, तीन-तीन एकांचे तीन गट. १११ म्हणजे ३ गुणिले ३७. आणि १००१००१ म्हणजे ३ गुणिले ३३३६६७, जी मूळ संख्या आहे. झालं. तीनाचा चौथा घात, ३७ चा वर्ग, ३३३६६७ चा वर्ग, बाकी काही नाही. एवढ्या मोठ्या संख्येत राहायला तीनच घरं. त्या तिघांनी एकाला भागून बघितलं तेव्हा मी खुर्चीतून उठले. १ भागिले ३ म्हणजे ०.३३३, दर एका अंकाने तेच परत. १ भागिले ३७ म्हणजे ०.०२७०२७, दर तीन अंकांनी. १ भागिले ३३३६६७ म्हणजे ०.०००००२९९७ आणि पुन्हा तेच, दर नऊ अंकांनी. एक, तीन, नऊ, नवाचे सगळे विभाजक. आणि एक अंकी आवर्तन असलेली मूळ संख्या ३ सोडून दुसरी नाही, तीन अंकी असलेली ३७ सोडून नाही, नऊ अंकी असलेली ३३३६६७ सोडून नाही. आपापल्या आवर्तनाच्या या तीन एकुलत्या एक संख्या इथे एकत्र आल्या आहेत. याच संख्येचे एकूण विभाजक ४५ आहेत, आणि एक ते नऊ यांची बेरीजही ४५. हा मात्र निव्वळ योगायोग आहे, आणि योगायोगाला योगायोग म्हणण्यात काही बिघडत नाही.

दहा एक घेतले तर? हे भाचीने विचारलंच होतं, आणि तिनेच केलं. आता मधल्या रकान्यात दहा एक येतात आणि हातचा पहिल्यांदा जन्माला येतो. दहाचा शून्य राहतो, एक डावीकडे सरकतो. तिथे नऊ असतात, त्यांचे दहा होतात, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक. त्याच्या डावीकडे आठ, त्याचा नऊ होतो आणि तिथे गडबड थांबते. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. उजवीकडचा उतार जशाच्या तसा आहे, डावीकडच्या चढात आठ नाही. ८१ ने भागून मिळालेल्या वर्गाच्या मुळाशीही हेच होतं, १२३४५६७९, सातानंतर एकदम नऊ. तिला नवाने गुणलं की नऊ एक येतात हे तर मला माहीत होतं, पण त्यातला आठ का गेला हे मी कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

म्हणून परवा गाडीत, ठाणे गेल्यावर खिडकीची जागा मिळाली तेव्हा, १ ला ८१ ने भागायला घेतलं, शाळेतल्यासारखा लांब भागाकार, पिशवीतल्या एका पावतीच्या मागे. भागाकारात ०, १, २, ३ असे अंक उतरायला लागले आणि बाक्या उरत गेल्या १०, १९, २८, ३७, ४६, ५५, ६४, ७३. दर वेळी नवाची भर, आणि १९ पासून पुढे दहं स्थान एकाने वर, एकं स्थान एकाने खाली. भागाकारात सात लिहून झाला होता आणि बाकी ७३ होती. शून्य उतरवून ७३० झाले. ओळीने आठ यायला हवा. ८१ आठे ६४८, आणि बाकी ८२. पण ८१ ने भागताना ८२ उरू शकत नाहीत, त्यात अजून एक ८१ बसतो. आठाच्या जागी नऊ लिहावा लागतो, बाकी १ उरते, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.